फणीचा दात

“आवाजाचं जाऊ द्या हो मास्तर, पण याला काहून बोलावलं दिनकरनं?”

किशनराव पुटपुटले ते रंगनाथ मास्तरांच्या कानात. पण मास्तरांचा कान आणि सत्यशीलेचा कान यांच्यामध्ये फक्त सासूबाईंचं जुनं लुगडं होतं, धुऊन धुऊन विरलेलं, दोन खिळ्यांना सुतळीनं ताणून बांधलेलं. किशनरावांच्या श्वासानं ते जरासं फुगलं आणि परत बसलं. पानाचा वास तिच्यापर्यंत आला. “हुशार हाय म्हणतेत,” मास्तर म्हणाले. “हुशार असंल की. पण आख्ख्या परभणीत दुसरा हुशार घावला न्हाई का?” ज्याच्याविषयी हे चाललं होतं तो अंगद तेव्हा बाहेर ओट्यावर चपला काढत होता, आणि सत्यशीलेचे यजमान दिनकरराव त्याला “या, या, आत या” म्हणत होते, लागतं त्यापेक्षा जरा मोठ्यानं. लुगड्यामागे पाटावर बसलेल्या सत्यशीलेला वाटलं, हे आपण ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. आणि लगेच वाटलं, ऐकलं तेच बरं.

त्या बोलण्याचा एक अर्थ सरळ होता. विद्यापीठाच्या नामांतराचं भांडण सुरू होऊन आठ वर्षं झाली होती, गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर लिहिलेल्या घोषणेवर दोनदा चुना मारून झाला होता आणि दोन्ही वेळा पावसाळ्यानं ती परत वर आणली होती. किशनराव शहरात आले की सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसत, पण कोणाच्या मांडीला किती वेळ, याचं गणित त्यांच्याजवळ होतं. हे सत्यशीलेला नवीन नव्हतं. किशनराव तिच्या माहेरचे, साठ एकरांचे धनी, त्यांचा स्वभाव ती परकरात असल्यापासून बघत आली होती. पण ते “असल्यांना” म्हणाले नव्हते. “याला” म्हणाले होते. त्या “याला”मध्ये ओळख होती. आणि ओळखीच्या मागे आणखी काहीतरी होतं, बारीक. भाकरीत खडा लागावा, थुंकावं तर सापडू नये, तसं. ती जीभ फिरवत राहिली.

दर रविवारी दुपारी ही बैठक भरायची. आधी एकानं आपला अँप्लिफायर आणून लावायचा, मग दुसऱ्यानं, मग कोणाचा गोड, कोणाचा कोरडा यावर चहाची दोन आधणं व्हायची. स्पीकर दोन, तेही तिच्या माठांवर पालथे घातलेले. माठातून आवाज भरून येतो हा शोध मास्तरांचा. तेव्हापासून या घरानं उन्हाळ्यातसुद्धा पितळी हंड्यातलं कोमट पाणी प्यायलं. माठाचं तोंड आपल्यासाठी बंद झालं आणि गाण्यासाठी उघडलं, असं ती शेजारच्या नर्मदाबाईंना सांगायची. बैठकीचा एक नियम होता, मास्तरांनीच घातलेला: इथं फक्त आवाजाचं बोलायचं. बदल्यांचं नाही, पिकांचं नाही, विद्यापीठाचं तर नाहीच. नियम इतका चोख पाळला जायचा की सत्यशीलेला कधीकधी शक यायचा, ही माणसं गाणं ऐकायला जमतात की बाकीचं न ऐकायला जमतात. पुढे भांडणं वाढली. प्रत्येकाला आपलंच यंत्र दिसायचं, म्हणजे तेच गोड लागायचं. तेव्हा दिनकररावांनी लुगडं बांधलं. यंत्रं पडद्यामागे, ऐकणारे पडद्यापुढे, आणि मध्ये लाकडी फळीवर एक बटण: वर केलं की एक यंत्र, खाली केलं की दुसरं. बटणावर कोण बसणार? ज्याचा कशातच जीव नाही असं कोणीतरी हवं. “तूच बस,” दिनकरराव म्हणाले, “तुला यातलं काही कळत न्हाई.” ती बसली. गेली दीड वर्षं ती बसते आहे.

न कळण्याची ही नोकरी तिला मानवली. पडद्याच्या अलीकडून माणसं फक्त आवाज होतात, आणि आवाजांना तोंड लपवता येत नाही. दिनकरराव खोटं बोलताना आधी घसा साफ करतात, मास्तर “वा” म्हणतात ते दोन प्रकारचं, किशनराव किंमत कळल्याशिवाय मत देत नाहीत, हे सगळं तिला इथं बसून कळलं. गेल्या दिवाळीपासून तर तिनं एक खोडी सुरू केली होती. “पहिली,” म्हणायची, रेकॉर्ड वाजू द्यायची. मग सुई उचलून, टक् आवाज यावा म्हणून बटण खाली करायची, लगेच वर आणायची, आणि म्हणायची, “दुसरी.” तेच यंत्र, तेच बटण, तीच सनई. आणि पुढे अर्धा तास ती लुगड्यामागे तोंडात पदर कोंबून ऐकत बसायची: दुसरीत कसा खर्ज मोकळा झाला, पहिलीत कसा जरा कोंदट होता. आठवडाभराची करमणूक. पण रात्री भांडी घासताना तिला उगाच उदास वाटायचं. पंधरा-वीस वर्षं ओळखीची माणसं, आणि कोणालाच खरं ऐकू येत नाही. किंवा येतं, आणि सांगवत नाही.

आज सामना मोठा होता. किशनरावांनी हैदराबादहून नवीन यंत्र आणलं होतं, चांदीच्या रंगाचं, तोंडावर हिरवे-तांबडे दिवे गाण्याबरोबर नाचणारं. ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून तान्ह्या लेकरासारखं जीपमधून आलं होतं. त्याच्या समोर घरचं जुनं यंत्र. लाकडी पेटी, चार वाल्व, तापायला वेळ घेणारं, मागच्या जाळीतून निखाऱ्यासारखा उजेड दिसणारं. त्याच्या तीन बटणांतलं एक एका अंगानं वितळलेलं होतं. त्यावर सत्यशीलेनं विणलेला रुमाल असा घातलेला असायचा की त्याची कड नेमकी त्या बटणावर यावी. निवाडा करायला म्हणून दिनकररावांनी अंगदला बोलावलं होतं. हा त्यांच्याच पाटबंधारे ऑफिसात बिनतारी संदेशांच्या खोलीवर तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेला; रेडिओ आतून-बाहेरून जाणणारा, पिंगळीला खोली घेऊन आईबरोबर राहणारा. संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. “त्याचा कान म्हणजे,” दिनकरराव आठवडाभर सांगत होते. सांगताना दर वेळी घसा साफ करत होते.

“वहिनी, नमस्कार करतो,” अंगद पडद्याकडे बघून म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, वापरून जपून ठेवल्यासारखा. ती मागून “बसा” म्हणाली. मग “पहिली” म्हणाली. सनई वाजली. सुई उचलली, टक्, आणि सवयीनं हात परत वर गेला. “दुसरी.” परत सनई. किशनराव म्हणाले, दुसरी लय साफ हाय, खणखणीत, ही हैदराबादी असणार. मास्तर म्हणाले, पण पहिलीत जरा ओलावा होता. दिनकररावांनी नुसता घसा साफ केला. मग सगळे थांबले, कारण पाहुण्याची पाळी होती.

“वहिनी,” अंगद म्हणाला, “बटण खाली जाऊन परत वर आलं बगा. दोनदा टक् झालं. यंत्र तेच हाय.”

मग मास्तर असे हसले की त्यांना ठसका लागला. दिनकररावही हसले. लुगड्यामागे सत्यशीलेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “हात चुकला,” ती म्हणाली. “हात न्हाई चुकला,” मास्तर म्हणाले, “वर्षभर चुकवायलात तुमी आमाला! वहिनी, हे काय बरं?” फक्त किशनराव हसले नाहीत. त्यांच्या आवाजात आता पान नव्हतं. “म्हंजे ताई, आमी खुळेच का?” ती उत्तर देणार तेवढ्यात लाईट गेली. पंखा सुस्कारा टाकून थांबला, आणि दोन्ही यंत्रांचे उजेड मावळले. हैदराबादी पटकन, घरचा हळूहळू, निजायला नको असलेल्या लेकरासारखा.

लाईट आली ती पाऊण तासानं. तेवढ्यात चहा झाला. आतून चहा करून आणताना तिनं पाच कप भरले आणि पाचही एकाच संचातले आहेत ना हे बघितलं, आणि बघितलं याचाच तिला राग आला. न बघता भरले असते तर काय झालं असतं? ती स्वतःवरही पाळत ठेवायला लागली होती. किशनरावांनी चहा घेतला नाही, तोंडात पान आहे म्हणाले. एवढ्या वेळात पान संपून गेलेलं तिनं ऐकलं होतं. ती परत पाटावर जाऊन बसली. काही काम नसताना पडद्यामागे का बसतो आहोत हे तिला सांगता आलं नसतं. बाहेर बोलणं मरगळलं होतं. आवाजाचं बोलायचं तर आवाज नव्हता. मग मास्तरांनी, मनात काही नसलेल्या माणसाला सुचतं ते विचारलं. “मूळ गाव कोणतं म्हणालात?”

अंगदनं गावाचं नाव घेतलं.

ते सत्यशीलेचं माहेर होतं. चार अक्षरी, ओढ्यापलीकडचं, हरभऱ्यावरच्या आंबट दवाचा, आंबेचा, वास असलेलं. आता कोणीतरी म्हणायला हवं होतं, अरे वा, म्हणजे वहिनींच्या माहेरचे की! कोणत्याही घरात, कोणत्याही बैठकीत हे पहिलं वाक्य असतं. गावचा माणूस म्हणजे नात्यानं भाऊ. अशा वेळी बायका पडद्याआडून बाहेर येतात, आमची चतुराकाकू कशी आहे विचारतात, दुसरा कप चहा टाकतात. दिनकरराव म्हणाले नाहीत. किशनराव, जे त्याच गावचे, तेही म्हणाले नाहीत. तिनं वाट पाहिली. बाहेर कोणीतरी बशीवर कप ठेवला. “आज व्होल्टेज बराबर न्हाई राहणार,” किशनराव म्हणाले, “चार वाजता पंप सुरू झाले की समदं बसतंय.” आणि त्या क्षणी तिला कळलं की दिनकररावांना गाव आधीच माहीत होतं. का नसणार? ऑफिसात सगळ्यांच्या नोकरीच्या वह्या तेच लिहितात. मूळ गाव, तालुका, जिल्हा, त्यांच्याच वळणदार अक्षरात. तीन महिन्यांपूर्वी ते नाव त्यांनी स्वतः लिहिलं असेल, शाई वाळायची वाट बघितली असेल, घरी येऊन जेवले असतील. मग आज याला का बोलावलं? किशनरावांचाच प्रश्न आता तिचा झाला होता, आणि तिला तो आवडला नाही.

घरचं जुनं यंत्र आलं ते आठ वर्षांपूर्वीच्या राखीला. त्या वर्षी पौर्णिमेच्या आधी पंधरा-वीस दिवस एसटी धड चालत नव्हती, गावागावांतून वाईट बातम्या येत होत्या, आणि त्या बातम्यांमध्ये तिच्या माहेराचंही नाव होतं: खालच्या वस्तीतली अकरा घरं. दिनकररावांनी पेपर घडी करून गादीखाली ठेवला होता. गादी घालताना तिनं तो काढून वाचला आणि घडी परत तशीच घातली. चंद्रभान यंदा येत नाही असं तिनं धरलं होतं. पण तो आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, खांद्यावर पोतं. तिचा धाकटा भाऊ, जो ब्लाऊजपीसशिवाय कधी काही आणत नसे, ज्याला लहानपणी ती कडेवर घेऊन ओढा ओलांडायची, त्यानं ओवाळणी म्हणून पोत्यातून यंत्र काढलं. “भावजींना गाण्याचा शौक हाय ना,” म्हणाला. पोत्याला धुराचा वास होता, आणि धुराच्या खाली रॉकेलचा. “कुठून घेतलंस रे?” ती म्हणाली. “पडलेलं होतं. उचललं.” कुठं पडलेलं होतं, हे तिनं विचारलं नाही. तिच्या हातात निरांजन होतं. निरांजन हातात असताना असलं विचारत नाहीत, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्याला जेवायला वाढलं. तो दोन घास खाऊन उठला, मोरीत जाऊन ओकला. ती पाठ चोळत राहिली. दिनकररावांनी तेवढ्यात ते पोतं उचललं आणि मागच्या अंगणात बंबात घातलं. दुपारचे दोन वाजले होते, कोणाचीच आंघोळ राहिलेली नव्हती. पाणी तापलं, उकळलं, निवलं. दुसऱ्या दिवशी तिनं चिंच आणि राखेनं पेटीचे कोपरे घासले. काळं निघालं. बटणाचं वितळलेलं अंग तेवढं राहिलं, आणि मग तिनं रुमाल विणायला घेतला.

आठ वर्षं. चंद्रभान दर राखीला येतो, “चालतीय न्हवं?” एवढं विचारतो आणि यंत्राकडे पाठ करून बसतो. ती “चालतीय” म्हणते. आणि चालत होतं हेच तर वाईट होतं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती ते रेडिओला जोडून लावायची, वाल्व तापेपर्यंत चूल पेटवायची, आणि मग सहाच्या बातम्यांआधीची सनई अशी यायची की पीठ मळता मळता हात थांबायचे. मूल झालं नाही, सासूबाई गेल्या, दिनकररावांच्या दोन बढत्या हुकल्या. या सगळ्यांत त्या पेटीनं तिला जसं धरून ठेवलं तसं माणसांनी धरलं नव्हतं. पेटीवर हात ठेवला की ऊब लागायची. कोणाची ऊब, हे ती विचारायची नाही. दिनकररावांना काहीच माहीत नाही, ते बिचारे भोळे, असं ती धरून चालायची. आणि आज पहिल्यांदा तिला वाटलं, कदाचित तेही आठ वर्षं असंच धरून चालले असतील: हिला माहीत नाही, ही बिचारी. दोघं एकाच गादीवर, मध्ये एक घडी घातलेला पेपर.

लाईट आली. पंखा फिरला, हैदराबादीचे दिवे नाचले. आणि घरच्या यंत्रानं, वाल्व तापायच्या आधी, थंड असताना करायचं तसंच केलं. झणझण. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तशी, बारीक, किरकिरी. दोन-तीन मिनिटं चालायची, मग गरम झाली की आपोआप विरायची. घरच्यांना सवय होती.

पडद्यापलीकडे अंगदचा आवाज थांबला. तो मास्तरांना काहीतरी सांगत होता, मधल्या शब्दावर थांबला. झणझण चालली होती. ती विरली, तरी तो शब्द अर्धाच राहिला. “लावा, लावा रेकॉर्ड,” किशनराव घाईनं म्हणाले. सत्यशीलेनं या वेळी खोडी केली नाही. बटण नीट वर, हैदराबादी. सनई आली, झळझळीत, नव्या स्टीलच्या ताटासारखी. बटण नीट खाली. सनई आली, आणि खोलीत कोणीतरी येऊन बसल्यासारखं झालं. तिनं लुगड्याच्या विरलेल्या जागेतून बघितलं. चटईवर अंगद मांडी घालून बसला होता, मान खाली, उजवा तळवा जमिनीवर पालथा टेकवलेला. जसा पेटीवर ठेवावा तसा.

“बोला,” दिनकरराव म्हणाले. घसा साफ न करता म्हणाले.

“दुसरी,” अंगद म्हणाला. “पहिली चांगलीच हाय, किशनराव, तिच्यात खोट न्हाई. पण दुसरी बनवणाऱ्यानं कुणासाठी तरी बनवलीय.” मग म्हणाला, “तिच्यात एक खोड हाय तेवढी. थंड असली की झणझणते. ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळलेला असला की आतल्या पत्र्या ढिल्या राहतेत.”

“त्यावर उपाय?” मास्तरांनी विचारलं.

“पाचर मारायची. मी एक मशीन बनवली होती, माझ्या आईसाठी. पहिलीच. तिची बी अशीच झणझण. काडी मारली, जळून गेली. कागद मारला, सुकून पडला. आई चुलीपाशी बसून बघायली होती. मनली, थांब. डोक्यातली लाकडी फणी काढली, कडेचा दात मोडला अन् दिला. मनली, तेल पिऊन पिऊन मुरलाय, ह्यो न्हाई जळायचा.” तो हसला. “बराबर बसला बगा. मशीन एकदम गप. मायचं डोकं माझ्यापेक्षा जादा चालायचं.”

“मग ती मशीन आता?” मास्तर म्हणाले. सगळ्यांत त्या एकट्याच माणसाला खरोखर ऐकायचं होतं.

“घर जळालं न्हवं का, अठ्ठ्याहत्तरला,” अंगद म्हणाला. पीक गेलं म्हणावं, इतक्या सरळ. “त्यात जळाली असंल, असं धरलं आमी. आई न्हाई धरत. आता तिला कानानं कमी येतंय, पण मनते मशीन असती तर हात ठेवून ऐकलं असतं. मनते, दात न्हाई जळायचा, मीच दिलता.” आणि मग, मास्तरांकडे नाही, किशनरावांकडे नाही, सरळ लुगड्याकडे बघत तो म्हणाला, “दात कुणी हलवला न्हाई तर झणझणत न्हाई ती.”

सत्यशीला पाटावर बसली होती आणि तिला आपला डावा अंगठा दुखल्यासारखा वाटला. तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. साफसफाईत तिनं पेटी फिरवली होती, जाळीतून आत बघितलं होतं, आणि लोखंडी पत्र्यांच्या मध्ये एक बारीक, काळपट, गुळगुळीत काडी अडकलेली दिसली होती. काडी कसली, फणीचा दात. बाईला बाईची वस्तू कळते. यंत्राच्या पोटात फणीचा दात कसा गेला म्हणून ती हसली होती, आणि केसांतला आकडा काढून तो उचकटायला लागली होती. दात हलला पण निघाला नाही. आकडा मात्र अंगठ्यात गेला. त्या दिवसापासून ती झणझण. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे तो दात साऱ्या जगात तिघांनीच बघितला होता: ज्यांनी बसवला त्या मायलेकांनी, आणि तिनं. तिनं हात लांब करून पेटी थोडी वळवली. जाळीतून वाल्वचा तांबूस उजेड पडला होता, आणि त्या उजेडात, पत्र्यांच्या फटीत, तिरका, तो होताच.

त्याला माहीत होतं का? येण्याआधीच माहीत होतं का? की दिनकररावांनी, ज्यांना तोंडानं कधीच काही जमलं नाही, तोंडाऐवजी हा माणूस आणला? आठ वर्षं बंबातल्या पाण्यासारखे उकळून निवत राहिलेले दिनकरराव. तिला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी लुगड्याच्या विरलेल्या जागेतून त्यांच्या टकलाची चकती दिसली, घाम आलेली. ते पडद्याकडेच बघत होते. वाट बघत होते. म्हणजे बटण तिच्याच हातात होतं.

“चार वाजले,” किशनराव उठत म्हणाले. “व्होल्टेज बसलं. छान झाली बैठक. मास्तर, चला, सोडतो तुमाला.” आणि मग, फडकं यंत्राभोवती गुंडाळायला पडद्याआड वाकताना, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू: “ताई, माहेराचं दार एकच असतंय. ध्यानात ठेवा.” त्यांच्या तोंडाला आता भीतीचा वास होता, पानाचा नाही. चंद्रभान तिला दिसत होता, चार वर्षांचा, तिच्या कडेवर, ओढ्याच्या मध्यावर घाबरून तिच्या गळ्याला विळखा घातलेला. आणि मोरीत ओकणारा. तिनं बोललं तर पुढच्या राखीला तो येणार नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या माहेरी जायच्या एसटीत ती परत बसणार नव्हती. न बोललं तर सगळं आहे तसं राहणार होतं. रुमाल, सनई, पहाट. फक्त पेटीवर हात ठेवला की आता त्या उबेला नाव असणार होतं, आणि पिंगळीला एक म्हातारी रिकामा तळवा घेऊन बसलेली असणार होती.

बाहेर निरोप चालले होते. मास्तर म्हणत होते, परत या हो, तुमच्यासारखा कान पाहिजे इथं. दिनकरराव म्हणत होते, या, नक्की या. म्हणायचं ते कोणीच म्हणत नव्हतं. चपलांचा आवाज आला. आणि मग दाराशी थांबून, वहिनी नाही, बाई नाही, गावाकडची हाक देत अंगद म्हणाला, “येतो अक्का.”

तिनं पेटीचं बटण बंद केलं. हात वर केला आणि सुतळी ओढली. एका खिळ्यातून लुगडं सुटलं आणि अर्धं जमिनीवर आलं. चौघे पुरुष तिच्याकडे बघत होते, जसं गाणं संपल्यावर रिकाम्या माठाकडे बघतात. किशनरावांच्या हातात त्यांचं यंत्र होतं, ते छातीशी घट्ट धरलेलं. तिनं रुमाल उचलला. वितळलेलं बटण उघडं पडलं. पेटी जड होती. ती दोन्ही हातांनी उचलताना तिला कळलं की आजवर ही कोणीतरी दुसऱ्यानंच उचलली होती, आपण फक्त पुसली होती.

“थांबा अंगदभाऊ,” ती म्हणाली. “ही तुमची मशीन हाय. माझ्या भावानं तुमचं घर जळताना उचलून आणली. फणीचा दात आत तसाच हाय, मीच हलवलाय तो. अन् मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”